‘सॉरी’ आणि ‘कसं झालं’

आमच्या वऱ्हाडात मयतीच्या घरी भेटायला जाणारा माणूस सांत्वनाचे शब्द घेऊन जात नाही, एक प्रश्न घेऊन जातो. चपला दाराशी काढायच्या, सतरंजीवर बसायचं, पुढं केलेल्या पाण्याच्या ग्लासाला नुसता हात लावायचा, आणि थोडा वेळ जमिनीकडं बघून झालं की विचारायचं, ‘कसं झालं?’ मग घरचं माणूस सांगू लागतं. सकाळपासून सांगतं. काय खाल्लं होतं, काय बोलणं झालं होतं, दुखायला केव्हा लागलं, कोण धावून आलं, डॉक्टर काय म्हणाले. ऐकणारा मधूनमधून ‘अरे अरे’ म्हणतो. हकीकत संपली की तो उठतो आणि ‘येतो’ न म्हणता निघून जातो. दारात त्याला पुढचा भेटतो. तोही आत येऊन बसतो, जमिनीकडं बघतो आणि विचारतो, ‘कसं झालं?’

हे सगळं मी लहानपणापासून बघत आलो, पण त्यात बघण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. ते बघायला मला माझी बायको गमवावी लागली, आणि इंग्लंडहून आलेल्या माझ्याच मुलाशी भांडावं लागलं.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत म्हातारा झालो. पहिल्या वर्षाच्या मुलांना सुरुवातीचे दिवस मी पुस्तक उघडूच देत नसे. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारायची आणि दोन्हीकडं शब्द लिहायचे. ‘अलोन’ आणि ‘लोनली’. ‘हाउस’ आणि ‘होम’. ‘काइंड’ आणि ‘नाइस’. ‘प्रायव्हेट’ आणि ‘सीक्रेट’. डिक्शनरीत दोन्हींपुढं कधीकधी एकच मराठी शब्द असतो, पण इंग्रज माणूस एकाच्या जागी दुसरा चुकूनही वापरणार नाही, हे मला त्यांच्या डोक्यात घालायचं असे. काही जोड्या पटकन जमत. ‘प्रायव्हेट’ कधीच जमली नाही. प्रायव्हेट म्हणजे प्रायव्हेट नोकरी, प्रायव्हेट दवाखाना, इथवर ठीक. पण जिच्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि तरी दुसऱ्यानं जी विचारायची नाही, अशी गोष्ट कोणती? उदाहरण द्यायला मला अख्ख्या वऱ्हाडात एक गोष्ट सापडली नाही. पगार किती, लग्न कावून मोडलं, मूल कावून होत नाही, ऑपरेशन कशाचं झालं, हे सगळं आमच्याकडं बसस्टँडवर अनोळखी माणूस विचारतो आणि आपण सांगतोही.

‘सॉरी’ शिकवतानाही असाच घोळ व्हायचा. कोणी वारलं तर इंग्रज माणूस ‘आय ॲम सॉरी’ म्हणतो, असं मी सांगितलं की वर्गात चुळबुळ सुरू व्हायची. एकदा शेंदूरजनाघाटचा एक मुलगा उभा राहिला. बागायतदाराचा पोरगा, बोलायला पक्का. म्हणाला, ‘पण सर, सॉरी म्हणायले आपण मारलं का त्याले?’ वर्ग हसला. मीही हसलो, आणि ‘सॉरी’ आणि ‘अपॉलॉजी’ अशी नवी जोडी फळ्यावर लिहून अर्धा तास बोललो. समजलं म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. त्या मुलानं नाही हलवली.

बायको गेली तेव्हा हिवाळा होता. सकाळी घरासमोरच्या ओट्यावर उन्हात बसली होती, आणि अकरा वाजायच्या आत दवाखान्यात सगळं आटोपलं. मुलाला फोन मीच केला. त्याच्याकडं अजून उजाडलं नव्हतं. ‘आई गेली,’ एवढं मी म्हणालो. मग त्यानं इंग्रजीत विचारलं, ‘व्हॉट हॅपन्ड?’ मीही इंग्रजीतच सांगितलं, ‘कार्डिॲक अरेस्ट.’ आम्हा बापलेकांचं हे असंच. लहानपणी मी त्याच्याशी मुद्दाम पुस्तकी मराठी बोलायचो, नाहीतर इंग्रजी. पोरानं पुढं जावं म्हणून. वऱ्हाडी त्याच्याशी बोलायची ती त्याची आई.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पोचला आणि त्यानंच अग्नी दिला. स्मशानातून आलो, आंघोळी झाल्या, आणि पुढच्या सकाळपासून माणसं यायला लागली. गल्लीतली, कॉलेजातली, तिच्या भजनातल्या बाया, तिवशाकडचे नातेवाईक. प्रत्येकानं विचारलं आणि प्रत्येकाला मी सांगितलं. सुरुवातीला सांगताना ओट्यापर्यंत यायचो आणि पुढं जाता येत नव्हतं. समोरचा माणूस घाई करत नसे. तो तिथंच, ओट्यापाशी, माझ्यासाठी थांबून राहायचा. दोन दिवसांनी मी तिला दवाखान्यात नेलं त्या ऑटोपर्यंत पोचलो. मग दवाखान्याच्या पायरीपर्यंत. तीच सकाळ पुन्हा पुन्हा सांगता सांगता ती हळूहळू माझ्या हाताशी येत गेली. आधी ती नुसती अंगावर यायची. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कुठल्या वर्गात शिकवलेलं नाही.

फक्त एक वाक्य मी दर वेळी गाळत होतो. ऑटोत ती एक वाक्य बोलली होती. ते मुलाबद्दल होतं, म्हणून ते मुलाचं होतं. त्यानं ऐकण्याआधी ते दुसऱ्या कोणाच्या कानावर घालायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

आणि मुलगा विचारत नव्हता.

माणसं आली, सतरंजीवर बसली, की तो उठायचा आणि स्वयंपाकघरात चहा करायला जायचा. चहा कोणी पीत नसे, तरी करायचा. माझी हकीकत संपेपर्यंत आतून भांड्यांचा आवाज येत राहायचा. रात्री आम्ही दोघंच उरत असू. तो माझ्या गोळ्यांचं विचारायचा, बीपीचं विचारायचा, गिझर नीट चालतो का, पेन्शन कुठल्या बँकेत येते, सगळं विचारायचा. त्याच्या आईचं कसं झालं, एवढं मात्र विचारत नसे. तेरवी झाली की तो परत जाणार होता. मला त्याच्याकडून दुसरं काही नको होतं. जाण्याआधी त्यानं एकदा विचारावं, बस.

मग आपणहून का नाही सांगितलं, असं कोणी म्हणेल. न विचारता सांगितलेलं दुःख आमच्याकडं तक्रार समजतात. आणि माझा हट्टही होता, उगाच रीतीच्या आड कशाला लपू? मी काही फार समजूतदार माणूस नाही. ज्या पोरानं ‘आई, चंद्र कावून मागं येते’पासून प्रश्न विचारून तिचं डोकं खाल्लं, त्याला हा एक प्रश्न जड जावा याचा मला राग येत होता.

तो राग पहिल्यांदा बाहेर आला तो भलत्याच गोष्टीवरून. आमच्या कॉलनीत एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, ‘तुमच्या मिसेस एक्स्पायर झाल्या, असं कळलं.’ ते गेल्यावर मुलगा म्हणाला, ‘बाबा, एक्स्पायर दूध होतं. पासपोर्ट होतो. माणसाला कोणी असं म्हणतं का?’

तो चुकीचं बोलत नव्हता. मीच कधीतरी त्याला ‘डाय’ आणि ‘पास अवे’ शिकवलेलं. पण मी भडकलो. ‘तिकडं होत असेल दूध,’ मी म्हणालो. ‘त्या माणसाच्या घरी कोणी गेलं तर तो वारलं म्हणतो. तुझ्या आईसाठी त्यानं इंग्रजी शब्द काढला, तो मान म्हणून. कपाटातला शर्ट काढला तसा.’ मला तेव्हाच ठाऊक होतं की हे भांडण दुधाचं नव्हतं.

नंतर दोन दिवस माणसं येणं एकदम थांबलं. मी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून होतो. मनात म्हणायचो, माणसं किती लवकर विसरतात. तिसऱ्या दिवशी दुपारी पाय मोकळे करायला बाहेर आलो तर गेटच्या कडीला संत्र्यांची एक पिशवी लटकत होती. मोठी, पानं न तोडलेली, नुकती उतरवलेली संत्री.

‘कोण आलं होतं?’ मी मुलाला विचारलं.

‘शेंदूरजनाघाटचे कोणी. तुमचे विद्यार्थी म्हणत होते. मी सांगितलं, बाबा आराम करताहेत. ते म्हणाले, बसतो. मी म्हणालो, नको, त्यांना थोडी प्रायव्हसी हवी आहे.’

‘सॉरी’वर मान न हलवणारा तो मुलगा आता संत्र्याचा मोठा व्यापारी झाला आहे. हंगामातला दिवस मोडून तो इतक्या लांबून आला होता, आणि गेटवरून परत गेला होता. मग कळलं की दोन दिवस मुलगा सगळ्यांना असंच परत पाठवत होता. गोड बोलून, हात जोडून. कोणी विसरलं नव्हतं.

‘कोणी सांगितलं तुला, मला प्रायव्हसी पाहिजे म्हणून?’

‘बाबा, रोज तेच तेच तुम्हाला सांगावं लागतं. येईल त्याला. मला ते बघवत नाही.’

‘तू बघतोस कुठं? तू तर चहा करायला जातोस.’

हे त्याला लागलं. तो ओट्याच्या कडेला टेकला, नेमका ती बसायची तिथं. समजावणीच्या सुरात म्हणाला, ‘तिकडं माझ्या टीममधल्या एकाचे वडील गेले. आम्ही सगळ्यांनी सह्या करून कार्ड दिलं. सॉरी फॉर युवर लॉस. तो कामावर परत आला तेव्हा कोणी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्याला त्रास होऊ नये म्हणून. त्याला तिकडं काइंड म्हणतात, बाबा.’

‘मग तो कोणाला सांगतो?’

त्यानं खरंच विचार केला. ‘माहीत नाही,’ म्हणाला. ‘सांगत असेल कोणाला तरी.’

संध्याकाळी मी त्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो आधी अवघडला. ‘सर, तुमचा पोट्टा लय मायेनं बोलला, पण आत नाई घेतलं. मले वाटलं माह्यंच काई चुकलं. प्रायव्हसी पाहिजे म्हणे. आता मी इचाराले तं आलो होतो.’ मग फोनवरच त्यानं विचारलं, ‘कसं झालं सर?’ मी पलंगावर बसून त्याला सगळं सांगितलं. तो पलीकडून ‘अरे अरे’ म्हणत होता, आणि मागं त्याच्या मंडीतला गलका ऐकू येत होता.

त्या रात्री मला माझा फळा आठवला. ‘प्रायव्हेट’समोर मी ‘सीक्रेट’ लिहायचो, ‘लोनली’समोर ‘अलोन’. ‘प्रायव्हेट’ आणि ‘लोनली’ हे दोन शब्द समोरासमोर लिहावेत, असं मला कधी सुचलं नव्हतं. मुलानं मला जे देऊ केलं होतं ते एक, आणि माझ्या पदरात पडलं ते दुसरं. यात त्याचा दोष होता असंही म्हणवत नाही. ज्या मुलखात तो इतकी वर्षं राहिला तिथली माया दारं लोटून घेते, आमची दारं उघडून आत शिरते. मी स्वतःची अशी समजूत काढली, आणि ती मला बरी वाटली. हे असं समजावून सांगणं हाच तर माझा धंदा होता.

तेरवी झाली. मुलाचं विमान दोन दिवसांवर आलं. तेवढ्यात अकोल्याहून फोन आला. तिची मोठी बहीण. मुलाची मोठी आई. इंग्रजीत मावशी, मामी, काकू सगळ्यांना एकच ‘आंट’ पुरते, पण आमच्याकडं आईच्या थोरल्या बहिणीला आईच म्हणतात. पावसाळ्यात पडून खुबा मोडल्यापासून ती खाटेवर होती, त्यामुळं मयतीला येऊ शकली नव्हती, तेरवीलाही नाही. ‘जवाईबुवा,’ ती म्हणाली, ‘माह्या खुब्यानं मले बसवून ठेवलं. तुमीच या. लेकराले घेऊन या. माह्या घरी दोन घास खा.’ दुःखातल्या माणसाला तेरवीनंतर कोणी जवळच्यानं आपल्या घरी नेऊन जेवू घालायचं, तोवर त्यानं आपणहून कोणाकडं जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तो मान तिचाच होता.

गाडी मुलानं चालवली. बडनेरा मागं पडलं तशी दोन्ही बाजूंनी तूर सुरू झाली. शेंगांनी वाकलेली, काही ठिकाणी अजून हिरवी. ‘ही तूरच ना?’ त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. मूर्तिजापूरपर्यंत तो अशीच चौकशी करत राहिला. रस्ता कधी मोठा झाला, इथं पूर्वी चहाचं दुकान होतं ते कुठं गेलं, आजीच्या शेतातली विहीर आहे का अजून. मी उत्तरं देत होतो आणि मनात मोजत होतो, आता अर्धा रस्ता उरला, आता पाव. दोघंच होतो. गाडीत चहा करायला जायची सोय नव्हती. तरी त्यानं विचारलं नाही. मग मीही खिडकीतून बाहेर बघत बसलो. तो असाच परत जाणार, हे मी जवळजवळ मान्य केलं होतं.

अकोल्याच्या जुन्या शहरात तिचं घर आहे. मागच्या अंगणात उन्हात खाट टाकली होती. तिच्यावर ती पाय लांब करून बसली होती आणि मांडीवर सूप होतं. सुपात तुरीच्या ओल्या शेंगा. जेवायला सोलेभात करायचा होता, तुरीच्या ओल्या दाण्यांचा, या दिवसांत वऱ्हाडात घरोघरी होतो तो. त्या सुपावरून मी नजर काढून घेतली. तिनं मुलाला हातानं ओढून खाटेवर जवळ बसवलं. त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मी खुर्चीत बसलो. तिच्या सुनेनं पाणी आणलं. मी ग्लासाला हात लावला.

ती थोडा वेळ जमिनीकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं. मला नाही, त्याला.

‘कसं झालं, बापू?’

रीत तीच आहे. मुलगा असला की मुलाला विचारतात. अमरावतीला मला विचारत होते कारण मुलगा खोलीत नसायचा.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, ‘कार्डिॲक अरेस्ट आला, मोठी आई.’

‘थे तं फोनवर समजलं,’ ती म्हणाली. ‘थे डॉक्टरचं झालं. माह्या बहिणीचं कसं झालं?’

त्यानं सुपातली एक शेंग उचलली. ती उघडली नाही, नुसती बोटांत फिरवत राहिला. ‘मला माहीत नाही,’ तो म्हणाला. ‘मी विचारलंच नाही.’

मला वाटलं आता म्हातारी त्याला बोलेल. पण तिला नवलही वाटलेलं दिसलं नाही. ‘कावून?’ एवढंच तिनं विचारलं, जसं पोरगं जेवलं नाही तर विचारावं तसं.

सून ग्लास उचलून आत गेली.

‘भीती वाटत होती,’ तो म्हणाला. ‘ती मला बोलवत असेल. माझं नाव घेत असेल आणि मी तिकडं झोपलेलो असेन. बाबा हकीकत सांगायला लागले की मला वाटायचं, आता ते येणार. म्हणून मी आत जायचो.’

मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. इतके दिवस मी त्याच्या गप्प राहण्याचे अर्थ लावत होतो. इंग्लंड, कार्ड, काइंड, प्रायव्हसी. रेघ मारून दोन्हीकडं शब्द लिहिले होते आणि मनातल्या मनात स्वतःला पूर्ण मार्क दिले होते. आणि त्यातलं काहीच नव्हतं. पोरगं घाबरलं होतं. आई गेलेलं पोरगं जसं कुठल्याही मुलखात घाबरेल, तसं. ते ओळखायला भाषा लागत नव्हती. त्याच्या मोठ्या आईनं एका शब्दात ते काढून घेतलं, आणि मला त्याची इतकी दया आली की त्या दिवसांतला सगळा राग कुठं गेला ते कळलं नाही.

‘मंग आता इचार,’ म्हातारी म्हणाली. ‘बाप बसला हाये समोर.’

तो माझ्याकडं वळला. आधी जमिनीकडं बघितलं. त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं.

‘बाबा, कसं झालं?’

मी सांगितलं. सकाळपासून सांगितलं. थंडी होती. चहा झाल्यावर ती ओट्यावर उन्हात जाऊन बसली. आदल्या दिवशी बाजारातून तुरीच्या शेंगा आणल्या होत्या, त्या सोलत होती. मी आत होतो. तिनं हाक मारली, म्हणाली, पाठीत कसंतरी होते. बाहेर आलो तर त्या थंडीत तिच्या कपाळावर घाम होता. समोरच्या घरची बाई धावत आली, तिनं चौकातून ऑटो आणला. ऑटोत त्याच्या आईनं डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. तिच्या मुठीत एक शेंग तशीच राहिली होती.

इथवर मी सगळ्यांना सांगत आलो होतो. यापुढचं एक वाक्य मी कोणाला सांगितलं नव्हतं.

‘मी तुला लावायला फोन काढला,’ मी म्हणालो. ‘तर तिनं फोनवर हात ठेवला. म्हणाली, त्याच्याकडं आता रात्र असन. झोपू द्या त्याले. सकाळी सांगजा.’

‘मग?’

‘मग काही नाही. नंतर ती बोललीच नाही.’

तो रडला. आल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, तोंड न झाकता. मोठ्या आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सूप बाजूला सरकवलं तेव्हा चार शेंगा खाली सांडल्या. तीही रडत होती, पण तिचा हात त्याच्या पाठीवरून एका लयीत फिरत होता. मी उठून त्या शेंगा वेचल्या, कारण दुसरं काय करावं मला सुचेना. वेचता वेचता माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला हलकं वाटत होतं. वाक्य ज्याचं होतं त्याला पोचलं होतं.

आम्ही सोलेभात जेवलो. तिनं त्याला दोनदा वाढलं आणि त्यानं खाल्लं.

जेवणं झाल्यावर शेजारची एक म्हातारी आली. तिला अमरावतीचे पाहुणे आल्याचं कळलं होतं. ती खाटेच्या पायथ्याशी बसली, पाण्याच्या ग्लासाला हात लावला, जमिनीकडं बघितलं.

‘कसं झालं, बाप्पा?’

सवयीनं मी तोंड उघडलं. पण मुलगा चहा करायला उठला नव्हता. त्यानं सूप मांडीवर ओढून घेतलं होतं, रात्रीच्या भाजीसाठी उरलेल्या शेंगा सोलत होता. मान वर न करता त्यानं सुरुवात केली.

‘थंडी होती. आई ओट्यावर उन्हात बसली होती. शेंगा सोलून राहिली होती.’

त्याच्या आईच्या बोलीत सांगत होता. एखादा शब्द अडायचा, मग सापडायचा. ओटा झाला, घाम झाला, समोरची बाई झाली, ऑटो झाला. कुठं थांबायचं ते त्याला कळत होतं. इतके दिवस सांगणारा मीच होतो. त्या दुपारी पहिल्यांदा मी ऐकणाऱ्यांत बसलो.

‘बाबानं मले फोन लावाले काढला,’ तो म्हणाला, आणि त्याची बोटं शेंगेवर थांबली. ‘तं आई म्हणे, त्याच्याकडं आता रात्र असन. झोपू द्या त्याले.’

‘अरे अरे,’ शेजारीण म्हणाली.

मीही म्हणालो, ‘अरे अरे.’